बागेचा उतार: मराठवाड्यातल्या एका जुन्या बागेचं प्रकरण

शहराचं नाव देत नाही. मराठवाड्यातल्या परकोट असलेल्या जुन्या शहरांपैकी एक, इतकं पुरे. बाग पालिकेची, साधारण चार एकरांची. मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता. रोज सकाळी तिथं पाच फेऱ्या मारायचो, म्हणूनच या प्रकरणात ओढला गेलो. पुढे जे लिहिलंय त्यातल्या दोन चुका माझ्या स्वतःच्या आहेत आणि त्या मी लपवलेल्या नाहीत.

पार्श्वभूमी

आपल्याकडच्या जुन्या बागा झाडांपासून सुरू होत नाहीत, पाण्यापासून होतात. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आधीचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. त्याच शहरातली पाणचक्की नंतरची. तिथंही लांबच्या झऱ्याचं पाणी खापराच्या नळांतून येतं आणि उंचावरून पडून जातं फिरवतं. बीडच्या खजाना बावडीला दोन बोगद्यांतून पाणी येतं आणि तिसऱ्यातून ते बाहेर पडून बलगुजारच्या रानाला जातं. मोटर नाही, पंप नाही. सगळा खेळ उताराचा. त्याच संभाजीनगरातली दिल्ली दरवाजाजवळची हिमायत बाग असो की बीबी का मकबऱ्याची चारबाग, तिथं आधी पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार हे ठरलं, झाडं मागून लागली.

आमची बाग त्याच घराण्यातली, फक्त गरीब घरची. मधोमध नऊ मीटर रुंदीचा अष्टकोनी दगडी हौद. त्यातून चार दिशांना चार पाट आणि बागेचे चार चौक. पश्चिमेला एक चादर, म्हणजे तिरका बसवलेला कोरीव दगड. त्यावरून पाणी घसरताना खवल्यांसारखं चमकावं म्हणून कोरलेला. अकरा चिंचा, दोन खिरण्या, एक बकुळ. निजामाच्या काळात एका चौकात लोखंडी खांबांचा बँडस्टँड आला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर बागेचं नाव बदललं, पुढे घसरगुंड्या आल्या, मग लहान मुलांची आगगाडी आली, ती बंद पडली आणि तिचे रूळ तेवढे राहिले. ऐंशीच्या दशकात कुणीतरी दीड एकरभर हिरवळ लावली. तोवर हौदात पाणी येणं थांबून बराच काळ झाला होता. का थांबलं हे कुणी विचारलं नाही. बोअर होता ना.

अडचण

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आमच्याकडे बागेचा बोअर फेब्रुवारीतच खडखडू लागला. हिरवळ आधी गेली, मग दोन चिंचा शेंड्यापासून वाळत खाली आल्या.

हिरवळीचं गणित साधं आहे, पण ते कुणी मांडलेलंच नव्हतं. उन्हाळ्यात एका चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. दीड एकर म्हणजे सहा हजार चौरस मीटर. रोजचे तीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारांचे तीन टँकर. आणि शेजारच्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी. बागेत टँकर शिरला की बाया फाटकाशी घागरी घेऊन उभ्या राहायच्या. चुकीचं काय होतं त्यात?

पुढच्या जानेवारीत सुशोभीकरणाचा निधी आला. अट एकच: ३१ मार्चच्या आत खर्च. आराखडा आठवड्याभरात तयार झाला. सगळ्या वाटांवर आणि झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, हौद बुजवून त्यावर फायबरचं रंगीत संगीत कारंजं, नवीन हिरवळ, तिच्यासाठी दोन नवे बोअर आणि फाटकाशी सेल्फी पॉइंट. सकाळी फिरणाऱ्यांनी सह्यांचं निवेदन दिलं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि पालिकेनं पाच जणांचा सल्लागार गट नेमला. दोन फिरणारे, एक वनस्पतिशास्त्राच्या बाई, उपअभियंता आणि मी. आम्हाला दिलेला वेळ: दहा दिवस.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय कोर्टात जाऊन स्थगिती आणायचा. गटातले एक वकील त्याच्या बाजूनं होते. पण स्थगिती मिळाली तर निधी परत जाणार आणि बाग आहे तशीच वाळत राहणार. कागदावर जिंकायचं आणि चिंचा घालवायच्या, असा तो मामला होता.

दुसरा, बागेला संरक्षित वास्तूंच्या यादीत घालायचा. ऐकायला फार बरं वाटतं. राज्याचा १९६० चा कायदा आहे, केंद्राचा १९५८ चा. पण केंद्राच्या यादीतल्या वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई येते आणि त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध. बागेला लागून पूर्ण मोहल्ला आहे, भिंतीला भिंत. ही कुजबुज पसरली त्या संध्याकाळी वीस-पंचवीस लोक उपअभियंत्याच्या दारात. एकाच्या मुलीचं लग्न ठरलेलं, वर एक खोली चढवायची होती. त्यांना बागेबद्दल राग नव्हता, पण बाग आणि खोली यात ते काय निवडणार हे उघड होतं. आम्ही तो विषय मिटवला. आजही मला तो निर्णय अर्धाच पटतो. राज्याच्या यादीचा विचार वेगळा करता आला असता. भीतीपोटी आम्ही दोन्ही दारं एकदम लावली.

तिसरा, वारसा-वास्तुतज्ज्ञ आणून साग्रसंगीत जीर्णोद्धार. पैसा नाही, वेळ नाही. सोडून दिला.

चौथा उरला: आराखडा फेटाळायचा नाही, त्याचा क्रम उलटा करायचा. आधी पाणी आणि उतार, मग माती, शेवटी वाटा. निधीतला जो भाग मार्चच्या आत खर्चता येईल तो बाहेरच्या वाटेवर आणि कुंपणावर, बाकीचं देखभालीच्या खात्यातून सावकाश. उपअभियंता तरुण होता. तो म्हणाला, "काका, वरच्यांना कारंजं हवंय. त्यांना काय सांगू?" मी म्हटलं, सांग की जुनंच कारंजं चालू करतोय. हे पूर्ण खरं नव्हतं.

काय केलं

पहिल्या दिवशी आम्ही काहीही न खणता फक्त पातळ्या घेतल्या. डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, मिळाली नाही, म्हणून गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी घेतली आणि दोघांनी दोन टोकं धरली. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. चारही पाटांचा तळ चारशेला एक या उतारानं ईशान्येकडे जातो. चाळीस मीटरमध्ये जेमतेम दहा सेंटिमीटर. डोळ्यांना तो दिसतच नाही. आणि ठेकेदार जुनी वाट न खोदता तिच्यावरच मुरूम, कच आणि ब्लॉक टाकणार होता. म्हणजे पंधरा सेंटिमीटरची चढ. दहाचा उतार, त्यावर पंधराची चढ. पहिल्या पावसात पाणी पाटातून मागं फिरून हौदाच्या पायाशी साचलं असतं. तीनशे-साडेतीनशे वर्षं जे चाललं ते एका मार्चएंडला मोडलं असतं आणि मोडलं हे कुणाला कळलंही नसतं. वरच्यांना पटलं ते या एका आकड्यानं, वारशाच्या भाषणांनी नाही.

मग हौद. नऊ ट्रॉल्या गाळ निघाला. त्यात विसर्जनाच्या मूर्तींच्या तारा, बाटल्या, चपला आणि एक आख्खी सायकल. चौथ्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीत, तळापासून हातभर वर, खापराच्या नळाचं तोंड दिसलं. नारळ आत जाईल एवढं. त्यात चिंध्या कोंबून वरून सिमेंट थापलेलं. माळीमामांनी छिन्नीनं ते हळूहळू फोडलं, चिंध्यांचा बोळा ओढला, आणि आतून गार हवेचा झोत आला. मार्चच्या दुपारी. मामांनी हात मागं घेतला आणि माझ्याकडं बघितलं. नळ कोरडा होता, पण बंद नव्हता. पलीकडे कुठंतरी तो उघडा होता.

मोहल्ल्यातले एक चाचा रोज बँडस्टँडच्या पायरीवर बसायचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांना दाखवलं तर हसले. "नहर सूखी नै बेटा, बुजा दिए उसकू." त्यांच्या लहानपणी हौद भरायचा. बाजारात नहरीचा बंबा होता, म्हणजे पाण्याचा दाब मोडायला आणि हवा सुटायला बांधलेला उंच चौकोनी खांब. रस्ता रुंद करताना तो पाडला.

इथं प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय आला. नहर मोकळी करायची का? आम्ही दोघं-तिघं अक्षरशः हवेत होतो. वकिलांनी तर उद्घाटनाची तारीखही मनात धरली. चार दिवस नहरीचा मागोवा घेतला. जुना बंबा होता त्या जागी तीन दुकानं, आणि त्यांच्या संडासांचे पाइप सरळ नहरीत सोडलेले. त्याच्या वरच्या अंगाला, शहराबाहेर, नहरीत अजून थोडं पाणी वाहतंय. खाली येईपर्यंत त्याचं काय होतं हे तपासायला नमुना प्रयोगशाळेत दिला. अहवालात विष्ठेचे जिवाणू. मुलं त्या हौदात पाय सोडून बसणार होती. नहर जोडायची नाही, असं चार विरुद्ध एक मतांनी ठरलं. विरोधातलं ते एक मत माझं होतं. आज विचाराल तर तो निर्णय बरोबर होता.

मग पाणी आणायचं कुठून? बागेला लागून पालिकेची शाळा आहे. छत अकराशे चौरस मीटर. मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी ६८० मिलिमीटर पाऊस पडतो. वाया जाणारं वजा केलं तरी त्या छतावरून वर्षाला सहाएक लाख लिटर मिळतं. हौद भरायला लागतं चौऱ्याण्णव हजार. उरलेलं कोपऱ्यातल्या फरशी टाकून झाकलेल्या जुन्या विहिरीत, वाळू-खडी-कोळशाच्या गाळणीतून. खुद्द बागेवर पडणाऱ्या पावसाचा हिशेब केला तर आकडा कोटी लिटरच्या पुढे जातो, आणि पेव्हरखाली तो सगळा गटारात गेला असता. खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये, म्हणून मुरायला जागा मोकळी ठेवणं हाच उपाय.

हौदाची गळती काढायची होती. ठेकेदार सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंगचं रसायन घेऊन तयार. जुना गिलावा चुना-सुरखीचा, म्हणजे चुना आणि विटांच्या भुकटीचा होता. चुन्यातून ओल आत-बाहेर होते, सिमेंट ती दगडात कोंडतं. एक वयस्कर गवंडी मिळाला, ज्याच्या वडिलांनी दर्ग्याचं चुन्याचं काम केलेलं. त्यानं अटी सांगितल्या: चुना महिनाभर भिजला पाहिजे, चुन्याच्या घाण्यात मळला पाहिजे, बेलफळाचं पाणी आणि गूळ लागेल, आणि लावल्यावर पंधरा दिवस ओलं गोणपाट हलवायचं नाही. मार्चएंडला यातलं काहीच मानवणारं नव्हतं. म्हणून हौद देखभालीच्या खात्यात टाकला. तरी पूर्वेची एक बाजू ठेकेदारानं रातोरात सिमेंटनं उरकून बिल लावलं. आम्ही सही केली, कारण भांडायला वेळ नव्हता. पुढच्याच पावसाळ्यानंतर ती बाजू भाकरीएवढ्या पापुद्र्यांनी सुटली आणि सुटताना दगडाची सालही घेऊन गेली. बाकी सात बाजू धड आहेत.

झाडांभोवती ब्लॉक नकोत, हे काम सगळ्यात कमी भांडणात झालं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्येच झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर तरी सिमेंट-काँक्रीट नको असं म्हटलंय. बाईंनी तो आदेश टेबलावर ठेवला आणि एकाऐवजी तीन मीटर मागून घेतले. फाइलमध्ये कागद असला की काम होतं, हे मला तीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. बाईंना ते पहिल्या बैठकीत माहीत होतं.

काय चुकलं

छताचं पाणी विहिरीपर्यंत न्यायच्या चराची रेघ नकाशावर मी ओढली. सरळ, सगळ्यात कमी लांबीची. ती नैर्ऋत्येच्या चिंचेपासून दोन मीटरवरून जात होती. चर मारायला सुरुवात झाली तेव्हा माळीमामा म्हणाले, "साहेब, इकडून नका नेऊ. या झाडाचा जीव इकडंच हाय. पाणी इकडून पिऊ लालंय ते." मी म्हटलं, मामा, चिंचेची मुळं खोल असतात, काही होत नाही. मनगटाएवढी दोन मुळं तुटली. दीड वर्षात झाड गेलं. दुष्काळानं दोन नेल्या, एक मी. वळसा घातला असता तर सात मीटर पाइप जास्त लागला असता.

दुसरी चूक माणसांबद्दलची. जवळच सरकारी दवाखाना आहे. खेड्यातून पेशंट घेऊन आलेले लोक दुपारी बागेत चिंचेखाली भाकरी सोडायचे, रिक्षावाले डोळा लावायचे. आम्ही सगळे सकाळी सहाला फिरणारे, आम्हाला हे लोक कधी दिसलेच नव्हते. काम सुरू असताना "शिस्त लागावी" म्हणून अकरा ते चार फाटक बंद ठेवायचा ठराव आम्हीच केला. दोन महिन्यांनी भर उन्हात फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी नातवाला भरवताना दिसली. बाई त्याच दिवशी पालिकेत गेल्या आणि कुलूप काढून आणलं. बाग कोण वापरतं याची पाहणी दिवसाच्या चार वेळांना करायला हवी होती. आम्ही पातळ्या मोजल्या, माणसं नाही.

हिरवळ दीड एकरावरून पाव एकरावर आणली, तेव्हा संध्याकाळी भिशीसाठी बसणाऱ्या बायकांनी मला चांगलंच झापलं. त्यांना आधी विचारलं असतं तर हिरवळ ठेवायची जागा वेगळी निघाली असती. आम्ही राखलेला तुकडा नेमका फाटकासमोरचा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेतला.

आज

हौद ऑगस्टअखेर भरतो आणि जानेवारीपर्यंत पुरतो. उन्हाळ्यात तो रिकामाच असतो, आणि यावर दरवर्षी एक तक्रार येते. कारंजं कधीच उडालं नाही. चादरीवरून पाणी मात्र चांगल्या पावसात दहा-पंधरा मिनिटं उतरतं, तेव्हा शाळेची पोरं वर्ग सोडून पळत येतात. टँकर रोज तीन लागायचे, आता उन्हाळ्यात चार दिवसांनी एक. आठ चिंचा आहेत. नहरीचं तोंड जाळी लावून उघडं ठेवलंय. मे महिन्यातही तिथं हात धरला तर गार लागतं. सेल्फी पॉइंट झालाच, तो कुणालाच थांबवता आला नाही.

कागद सांभाळायला आम्ही कमी पडलो. पातळ्यांचे आकडे, चराचा नकाशा, चुन्याचं प्रमाण, सगळं एका फाइलमध्ये उपअभियंत्याकडे होतं. त्याची बदली झाली, फाइल सापडत नाही. २०२३ मध्ये नव्या साहेबांनी पुन्हा वाटांवर पेव्हर सुचवले, तेव्हा मी परत ती पाण्याची नळी घेऊन गेलो आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं. त्या वेळी जे आकडे आले ते आम्ही हौदाच्या ओट्यावर ऑइलपेंटनं लिहून ठेवलेत. सुंदर दिसत नाहीत, पण हरवणारही नाहीत.

माळीमामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी ठेक्यावरचा एक पोरगा आहे, बावीस-तेवीसचा. छताचं पहिलं पाणी धूळ, पाखरांची विष्ठा, पालापाचोळा घेऊन येतं, ते गटारात सोडायचं आणि मग व्हॉल्व्ह हौदाकडे फिरवायचा, एवढं मामांनी त्याला जाताना शिकवलं होतं. गेल्या जूनमध्ये रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. मागं पावसाचा आवाज.

"काका, पहिला मोठा पाऊस झाला. फिरवू का?"

"छत धुतलं का?"

"पाइपातून अजून काळंच येऊ लालंय."

"मग दुसरा होऊ दे," मी म्हटलं.